तीर्थपुरीच्या तीस मनांची हजेरी

माणसाचं मन क्षणाक्षणाला बदलतं, आणि ते ज्या क्षणी बदलतं त्याच क्षणी पकडलं नाही, तर मानसशास्त्राला पुढच्या पिढ्या क्षमा करणार नाहीत. हे वाक्य डॉ. रामराव सरांनी समितीपुढे दोनदा उच्चारलं, कारण पहिल्या वेळी समितीतले दोघे चहा कुठं अडला ते बघायला बाहेर गेले होते. चहा आला तेव्हा सरांचं मन बदललं आणि ते बिस्किटांकडे वळलं. ते कुणी पकडलं नाही.

समितीचं पूर्ण नाव ‘तत्क्षणी विदासंकलनाकरिता डिजिटल साधन निवड समिती’ असं होतं. विदा म्हणजे डेटा, हे पहिल्या बैठकीत ठरलं. दुसऱ्या बैठकीपासून सगळे डेटाच म्हणू लागले. मी मराठी शिकवतो. अशा समितीत विषयाबाहेरचा एक माणूस लागतो, आणि विषयाबाहेर जाणारा म्हटलं की आमच्या महाविद्यालयात पहिलं नाव माझंच निघतं.

हा सगळा घाट तृप्तीसाठी होता. ती रामराव सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती आणि आमच्याकडेच तासांवर शिकवत होती. नोंदणीची मुदत जानेवारीअखेर संपत होती. तोवर डेटा हातात नसेल तर नोंदणी रद्द, नोंदणी रद्द तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर जूनमध्ये निघणाऱ्या कायम जागेला अर्ज करायचीही सोय नाही. तिला हे रोज कुणी ना कुणी आठवण करून देत असे. बहुतेक वेळा ज्यांची जागा कायम आहे तेच.

विषय साधा होता. तृप्तीचं आजोळ तीर्थपुरीचं. तिथल्या तीस बायकांना दिवसातून पाच वेळा, अवचित, एकच प्रश्न विचारायचा: आत्ता तुम्हाला कसं वाटतंय? उत्तर तिथल्या तिथं यायला हवं. मागाहून आठवून दिलेलं उत्तर चालत नाही, कारण माणूस आठवताना सुधारणा करतो. हे तृप्तीला पुस्तकातूनही कळलं होतं आणि अनुभवातूनही. आधी तिनं कागद वाटून पाहिले होते. बायकांनी आठवडाभराच्या भावना रविवारी दुपारी ओट्यावर बसून, एकच पेन फिरवत भरल्या. गुरुवारी मला कसं वाटत होतं गं, असं एकमेकींना विचारून.

तर आता कागद नको, यंत्र हवं, इथपर्यंत समितीचं एकमत होतं. पुढं साधनांची परीक्षा सुरू झाली.

पहिलं साधन आलं ते मनगटी पट्ट्याचं. हा पट्टा नाडीवरून माणसाची अवस्था ओळखतो असं त्याच्या डब्यावर लिहिलं होतं. रामराव सरांनी शास्त्रासाठी स्वतःचं मनगट दिलं. आठवडाभरानं अहवाल निघाला. त्यात सर रोज अकरा ते बारा या वेळेत गाढ झोपेत होते. अकरा ते बारा सरांचा तास असतो. विद्यार्थ्यांच्या मनगटाबद्दल हे निघालं असतं तर कुणी दोन वेळा विचार केला नसता. शिवाय भाकरी थापणाऱ्या बाईच्या हातात तो पट्टा घातला तर ती कुणापासून तरी पळत आहे, असं तो सांगे. पट्टा नामंजूर झाला. सरांच्या हातात मात्र तो राहिला, कारण काढायचा कसा हे पुस्तिकेत नव्हतं.

दुसरं साधन म्हणजे आपोआप येणारा फोन. ‘आनंदी असाल तर एक दाबा, दुःखी असाल तर दोन दाबा.’ चाचणी म्हणून तो तृप्तीच्या मावशीला, साळूबाईला लावला आणि सगळी समिती स्पीकरभोवती बसली.

“कोण बोलून राह्यलं?” साळूबाई म्हणाली.

‘आनंदी असाल तर एक दाबा.’

“अगं हाव, पर तू कोणाची? जेवलीस का?”

‘दुःखी असाल तर दोन दाबा.’

“जेवलीस का म्हणून इचारलं मी. सांगायला काय पैसे पडतेत?” आणि साळूबाईनं फोन ठेवला. संध्याकाळी तिनं तृप्तीला कळवलं की तुमच्या कॉलेजातल्या त्या पोरीला वळण न्हाई.

तिसरं साधन परदेशी ॲप होतं आणि ते जगभर वाखाणलेलं होतं. त्यात मराठीही होती. ‘आपण आत्ता कुठे आहात?’ असा पहिला प्रश्न, आणि पर्याय असे: जिम, कॅफे, मेट्रो, थेरपिस्टकडे, अन्य. अख्खी तीर्थपुरी ‘अन्य’मध्ये जात होती. दुसरा प्रश्न, ‘आपण आत्ता कुणासोबत आहात?’ यात ‘पाळीव प्राणी’ हा पर्याय होता, पण म्हशीला पाळीव धरायचं की कमावती, यावर समितीत दोन तट पडले.

मग श्रेयांस आला. श्रेयांसच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथं जालन्यात भुसाराचं दुकान टाकलं होतं. श्रेयांसनं हजेरीची यंत्रं टाकली. कॉलेजात अंगठा लावायचं यंत्र त्याचंच असल्यामुळे तो आत येताना प्राध्यापक मंडळी घड्याळाकडं बघत नाहीत. एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांसाठी त्यानं एक ॲप बनवून घेतलं होतं. ते मजुराच्या फोनवर केव्हाही बीप करतं, पंधरा मिनिटांत बटण दाबलं तर मजूर हजर, न दाबलं तर गैरहजर. फोन कुठं आहे तेही नकाशावर दिसतं.

“सर, बिलकुल टेन्शन घेऊ नका,” श्रेयांस म्हणाला. “माणूस कामावर हाय का न्हाई, हे माझं ॲप इचारतं. तुम्हाला माणूस खुश हाय का न्हाई हे इचारायचंय. बटणं बदलायची, बस.”

“दोन्हींत फरक आहे,” तृप्ती म्हणाली.

“ताई, ॲपला काही फरक पडत न्हाई.”

हे ऐकून रामराव सरांना एकदम उत्साह आला. बटणांच्या जागी पाच तोंडं आली: खदखदून हसणारं, हसरं, मधलं, उतरलेलं आणि धाय मोकलून रडणारं. खाली एक रकाना: कारण. तोंड दाबलं, कारण लिहिलं, की पडद्यावर हिरवी अक्षरं येत: ‘आपली हजेरी नोंदली गेली.’ हे वाक्य काढता येईना. श्रेयांस म्हणाला, ते फार आतमध्ये हाय. समितीनं तेवढ्यापुरतं वाक्य मानसशास्त्रीय मानलं आणि ॲप मंजूर केलं.

तीर्थपुरीत साळूबाईच्या ओट्यावर तीस जणींच्या फोनमध्ये ते घालायला मीही गेलो होतो. समितीचा सदस्य म्हणून माझं काम उपस्थित राहण्याचं होतं.

“मंग हे दिवसातून पाच बार इचारणार?” साळूबाईनं विचारलं.

“हो मावशी. तुला कसं वाटतंय म्हणून.”

“तुझ्या मावसानं लग्नापासून एक बार न्हाई इचारलं. अन् हे डबडं पाच बार इचारणार.”

“मावसाला इचारायला बीप नव्हती ना,” शेजारची दैवशाला म्हणाली. दैवशालाची जीभ गावात वेगळी मोजली जाते. “अन् तृप्ती, मला बरं वाटून राह्यलंय अन् त्या टायमाला हे वाजलंच न्हाई, मंग?”

“मग पुढच्या वेळी जे वाटेल ते दाबायचं.”

“म्हंजे बरं वाटलेलं वाया गेलं म्हणायचं.”

“अन् खोटं दाबलं तं कळतं का त्याला?” मागून एकीनं विचारलं.

“कळत नाही. पण खरंच दाबायचं.”

“खरंच दाबू की. सासू बाजूला सरकली की दाबू.”

ओटा हसून लोळला. तृप्तीनं सगळ्यांना पुन्हा बजावलं: पंधरा मिनिटं, त्याच्या आत. नंतर दाबलेलं बाद. बायकांनी माना डोलावल्या आणि पहिली बीप तिथंच, आमच्यासमोर वाजली. तीस फोन एकदम ओरडल्यावर ओट्याखालचं कुत्रं जे उठलं ते थेट बसस्टँडकडं गेलं.

पहिला आठवडा मनासारखा गेला नाही. एक बीप आंघोळीच्या वेळी, एक धार काढताना. दैवशालाच्या म्हशीनं बीप ऐकून पान्हा चोरला, तो दोन दिवस परत केला नाही. एका बीपेला निम्म्या बायका मयतीला गेल्या होत्या. तिथं एकीनं घाईघाईत पदराआड फोन धरून बटण दाबलं, अंगठा घसरला आणि खदखदून हसणारं तोंड नोंदलं गेलं. कारणाच्या रकान्यात तिनं प्रामाणिकपणे ‘मयत’ लिहिलं होतं. बाकी वेळा फोन घरात, बाई वावरात, आणि वावरात नेटचा भरवसा नाही. शंभरातले चाळीस प्रतिसादही येईनात, आणि विद्यापीठाच्या संशोधन समितीला ऐंशी हवे होते.

तृप्तीनं रडकुंडीला येऊन साळूबाईला फोन केला. “मावशी, बायकांनी भरलं नाही तर माझं रद्द होईल गं.”

“काय रद्द व्हईल?”

“सगळंच.”

साळूबाईनं संध्याकाळी गावात सांगितलं की आपल्या तिरपीचं रद्द होऊन राह्यलंय. काय रद्द, हे कुणी विचारलं नाही. नाव यादीतून उडणं, अर्ज बाद होणं, कार्ड बंद पडणं ही दुःखं गावाला नवी नव्हती, आणि त्यांवरचा इलाजही गावाला ठाऊक होता.

सोमवारपासून प्रतिसाद शंभरात अठ्ठ्याण्णव झाला.

मंगळवारीही तसाच, बुधवारीही तसाच. बीप वाजली की पाच मिनिटांत सगळी उत्तरं हजर. तृप्ती पडद्याकडं बघून हसायची, मग उत्तरं पुन्हा पहिल्यापासून वाचायची. कारण तीसच्या तीस जणी धाय मोकलून रडत होत्या. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. आणि कारणाच्या रकान्यात, तीसही जणींनी, एकच शब्द लिहिला होता: अतिवृष्टी.

बाहेर जानेवारीचं कडकडीत ऊन होतं.

“सर, यात काहीतरी चुकतंय,” तृप्ती म्हणाली.

रामराव सर मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले होते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत असा डेटा त्यांच्या हाती लागला नव्हता. “चुकत नाहीये, उलगडतंय,” ते म्हणाले. “पाऊस बाहेर नाही, तृप्ती. पाऊस आत आहे. ग्रामीण स्त्रीच्या अंतरंगातली अतिवृष्टी. तीस स्त्रिया स्वतंत्रपणे एकाच रूपकापर्यंत पोचल्या, याला काय म्हणाल?” त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण रूपक माझ्या खात्यात येतं. मी म्हणालो, याला गाईड म्हणतात; परीक्षेत तीस मुलं अशीच एका रूपकापर्यंत पोचतात. सरांनी ते ऐकलं नाही. त्यांनी निबंधाचं शीर्षक लिहायला घेतलं होतं.

“आणि नकाशा बघा ना सर. तिसांचे ठिपके एकाच जागी आहेत.”

“दुःखात स्त्रिया एकत्र येतात.”

“दिवसातून पाच वेळा? दहा बाय दहाच्या जागेत?”

“दुःख तितकं मोठं आहे,” सर म्हणाले.

तृप्तीनं साळूबाईला फोन लावला, तो एका पुरुषानं उचलला आणि “मावशी भाहेर हैत” म्हणून ठेवला. गावात बाईचा फोन पुरुषानं उचलणं ही काही बातमी नव्हे. पण संशोधनाचा एक नियम आहे: सहभागी माणूस सलग फार दुःखी निघाला तर संशोधकानं तातडीनं जाऊन त्याला धीर द्यायचा. इथं तीस जण चार दिवस अखंड रडत होते. शुक्रवारी सकाळी कॉलेजची जीप निघाली. तृप्ती, रामराव सर, मी, आणि सरांनी समुपदेशनासाठी घेतलेले टिश्यू पेपरचे दोन मोठे डबे.

अंबड मागं पडेपर्यंत सर आम्हाला रडणाऱ्या माणसाशी कसं बोलावं ते शिकवत होते. आधी नुसतं बसायचं. मग डबा पुढं सरकवायचा.

साळूबाईचा ओटा रिकामा होता. दैवशालाच्या दाराला कडी. गल्लीत चिटपाखरू नाही. सरांचा चेहरा गंभीर झाला. तृप्तीनं नकाशा उघडला आणि आम्ही त्या ठिपक्याच्या मागं चालत निघालो. ठिपका बसस्टँडजवळच्या एका पत्र्याच्या गाळ्यात होता. वर पाटी: ‘ऑनलाइन सेवा. सातबारा, पीकविमा, आधार, पॅन, लग्नपत्रिका.’ आत पप्पू बसला होता. पप्पू म्हणजे पंचेचाळिशीचा, डोक्याला टक्कल, चष्मा कपाळावर. त्याच्यासमोर टोमॅटोचं एक क्रेट होतं, त्यात पुठ्ठ्याचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक फोन उभा, चार्जिंगला लावलेला. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि नाव. साळूबाई. दैवशाला. रूपाली.

तृप्ती तोंड उघडणार तोच तीसही फोन एकदम ओरडले. रामराव सर खुर्चीला धरून उभे राहिले.

“एक मिनट हं सर, हजेरी हाय,” पप्पू म्हणाला. चष्मा खाली ओढून त्यानं दोन्ही अंगठे लावले. डाव्यानं रडणारं तोंड, उजव्यानं कारण, फोन उलटा, पुढचा. पत्ते पिसणारा माणूसही त्याच्यापुढं मंद वाटला असता. शेवटच्या फोनवर हिरवी अक्षरं आली तेव्हा त्याच्या चहावर अजून साय धरली नव्हती.

“पप्पू भाऊ, हे तुम्ही भरता?” तृप्तीनं विचारलं.

“मंग कोण भरणार? गावात ऑनलाइन काही आलं की हितंच भरतेत. साळूमावशी म्हणल्या, पोरीचं रद्द होऊन राह्यलंय. म्हणलं, ठिवा फोन. नेट हितं, चार्जिंग हितं. अन् ताई, तुम्ही गावच्या भाची. फुकट करून राह्यलो.”

“पण प्रश्न त्यांना आहे. त्यांना आत्ता कसं वाटतंय.”

“बराबर. सातबारा बी त्यांचाच असतो. काढतो मीच.”

तृप्तीनं भिंतीला टेकून डोळे मिटले. रामराव सर पुढं झाले. “आणि सगळ्यांना रडणारंच तोंड का?”

“सर, सर्व्हे हाय ना.” पप्पूला प्रश्नच कळला नाही. “सर्व्हेत हसरं तोंड टाकलं की नाव कटतंय. मांगच्या साली एकानं इमानदारीत नुकसान ‘थोडं’ लिवलं. त्याला थोडं बी न्हाई भेटलं. म्हणून मी टाकतानाच पूर्ण टाकतो.”

“आणि अतिवृष्टी?” मी विचारलं.

“कारण कंपल्सरी हाय सर. रकाना मोकळा सोडला तं पुढं जात न्हाई. हे कारण पास होतंय.”

“जानेवारीत?”

“सर, फॉर्म तपासणारा खिडकीभाहेर पाहात नसतो.”

सरांनी टिश्यूचा डबा टेबलावर ठेवला. अंतरंगातली अतिवृष्टी त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू ओसरत होती. “म्हणजे हे तीस जणींचं दुःख...”

“माझ्या दोन अंगठ्यांचं हाय,” पप्पू नम्रपणे म्हणाला.

“नमुनासंख्या एक,” तृप्ती डोळे न उघडता म्हणाली. “लिंग, पुरुष.” आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना. रडायचं सगळं पप्पूनं आधीच भरून ठेवलं होतं, तिच्या वाट्याला एवढंच उरलं होतं.

“मावशी आहे कुठं?” तिनं डोळे पुसत विचारलं. त्यासाठी पहिला टिश्यू खर्ची पडला.

“समद्या दैवशालाच्या वावरात. हुरडा चालूय. सोमवारपासून रोज काही ना काही निघतंय त्यांचं. परवा टेम्पो करून जांब समर्थला गेल्त्या. फोन हितं हैत ना. माळवं कुठंय, टॉवेल कुठंय म्हणून घरून कुणी इचारू शकत न्हाई.”

“मग घरचे काय करतात?”

“मलाच इचारतेत. मीच सांगतो, टॉवेल दोरीवर असंल.”

तृप्ती सरळ झाली. “क्रेट द्या. पुढची बीप त्यांच्या हातात वाजू दे. एक तरी खरी नोंद घेऊन जाईन.”

पप्पूनं नाराजीनं क्रेट दिलं. म्हणाला, “जपून. शंभर टक्क्याला एवढुसं कमी हाय.”

आम्ही निघालो आणि उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. त्याला दोन ट्रॉल्या, दोन्ही डोलणाऱ्या, आणि स्पीकर असा मोठा की हॉर्न त्याला साथ वाटावा. तेवढ्यात क्रेट ओरडलं. पंधरा मिनिटं सुरू झाली होती. ट्रॅक्टरवाल्यानं हात करून दैवशालाच्या वावराचा बांध दाखवला, पण जीप बांधापर्यंतच जात होती. पुढं नांगरट.

“पळा,” तृप्ती म्हणाली.

मी महाविद्यालयीन जीवनात अनेक मिरवणुका पाहिल्या आहेत, पण ही वेगळी होती. पुढं तृप्ती. तिच्यामागं टोमॅटोचं क्रेट छातीशी धरून विभागप्रमुख, ढेकळांवरून ठेचकाळत, आणि क्रेट दर मिनिटाला आठवणीची बीप देत. शेवटी मी, दोन्ही बगलांत टिश्यूचे डबे. ज्वारीच्या पलीकडं धूर दिसत होता आणि धुराशेजारून हसण्याचे असे लोट येत होते की तिथं कुणाला धीर द्यायची गरज असेल, असं आता सरांनाही वाटलं नसेल.

आगटीभोवती तीस बायका होत्या. कुणी कणसं भाजत होती, कुणी चोळत होती, आणि दैवशाला कुणाच्या तरी सासऱ्याची चाल करून दाखवत होती. मधोमध सर येऊन थांबले तेव्हा तो सासरा अर्ध्या पावलावर अडला. सरांच्या डोक्यावर ज्वारीचं पान होतं.

“तिरपे, हे काय आणलं?” साळूबाई म्हणाली. “टमाटे?”

“मावशी, फोन. दाबा पटकन. सहा मिनिटं उरलीत.”

मग जे झालं त्याला वाटप म्हणता येणार नाही. फोन हातोहात फिरले, उलटे, सुलटे.

“हा माझा न्हाई. माझ्यावर आमच्या मालकाचा फोटू व्हता.”

“तोच तुझा. फोटू पप्पूनं काढला. बॅटरी खात व्हता म्हणे.”

“बराबर हाय. घरी बी खातोच.”

या वाक्यानंतर दोन मिनिटं कुणालाच काही दाबता आलं नाही. रूपाली तर फोन कपाळाला लावून नुसती हलत होती. दैवशालाचा फोन आगटीत पडला आणि तो चिमट्यानं काढावा लागला. राखेतून वर येताना त्यानं पुन्हा विचारलं, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय.

“आता काय दाबू गं?” डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत दैवशालानं विचारलं.

“जे वाटतंय ते,” तृप्ती म्हणाली. त्या आठवड्यातली ही पहिली खरी नोंद होती. “अगदी जे वाटतंय ते.”

बायकांनी साळूबाईकडं पाहिलं. साळूबाईनं पोट धरून हसू आवरलं, घसा साफ केला आणि निवाडा दिला. “मधलं दाबा समद्या. हसरं दाबलं तं नजर लागंल. रडकं दाबलं तं गाव इचारायला यील.”

तीस अंगठे मधल्या तोंडावर पडले. मग कारणाचा रकाना आला, आणि तीस जणी तीस तोंडांनी बोलू लागल्या. हुरडा लिव. त्येला ऱ्हस्व का दीर्घ? तू कशाला लिवती, मलाच लिवू दे. चष्मा न्हाई माझा. कारण कशाला पाह्यजे मधल्याला? हा शेवटचा मुद्दा रामराव सरांना इतका पटला की ते जागच्या जागी मान डोलावू लागले. पडद्यावर लाल अक्षरं आली. आधी एकीच्या, मग सगळ्यांच्या.

‘वेळ संपली. आपण गैरहजर आहात.’

“गैरहजर?” दैवशाला म्हणाली. “मी तं हितं हाय.”

यावर जे हसू उसळलं ते मला वाटतं बसस्टँडपर्यंत गेलं असावं. कुत्र्याचं माहीत नाही. त्याच क्षणी सरांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला आणि त्यानं जाहीर केलं की सरांनी आजचं व्यायामाचं उद्दिष्ट पूर्ण केलं आहे. सर नांगरटीत मांडी घालून बसले. साळूबाईनं त्यांच्यापुढं गरम हुरडा, लसणाची चटणी आणि गुळाचा खडा ठेवला. “खा मास्तर, धाप लागली तुम्हाला.” टिश्यूचे डबे फोडले गेले आणि हुरड्याच्या थाळ्या झाल्या.

सर दोन मुठी खाईपर्यंत तृप्ती थांबली. “सर, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय?”

सरांनी सावधपणे भोवतालच्या तीस चेहऱ्यांकडं पाहिलं. “मधलं,” ते म्हणाले, आणि आणखी चटणी मागितली.

जीप परतीच्या वाटेला लागली.

“सर, तो डेटा मी वापरणार नाही,” तृप्ती म्हणाली.

“फार सुंदर दुःखी होता,” सर म्हणाले.

“पप्पूचा होता.”

“हो. तेही आहेच.” सरांनी खिशातून शीर्षकाचा कागद काढला, एकदा वाचला आणि त्यात बांधून दिलेला हुरडा घेतला. “मग मुदतवाढीचा अर्ज कर. ती मिळाली तर नव्यानं करू. नाही मिळाली तर...” पुढचं वाक्य त्यांनी अंबडच्या फाट्यावर सोडून दिलं.

समितीची बैठक लागली. नवीन साधन निवडण्याचं काम समितीनं समितीकडं सोपवलं. श्रेयांसनं कळवलं की ते हिरवं वाक्य आता निघतंय, पण त्याच्यासोबत बाकी सगळंही निघतंय.

मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन होता. विद्यापीठाचं संकेतस्थळ सकाळी उघडे, दुपारी फिरत राही, संध्याकाळी बाहेर काढून टाकी. तृप्तीनं लायब्ररीतून केलं, श्रेयांसच्या ऑफिसातून केलं, माझ्या फोनवरून केलं. शेवटच्या दिवशी दुपारी दोनला तिनं जे तीर्थपुरीतला कुणीही शहाणा माणूस पहिल्या दिवशी करतो ते केलं. पप्पूला फोन लावला. वीस मिनिटांत पावती आली, सोबत निरोप: झालं ताई, टेन्शन घेऊ नका.

चौथ्या दिवशी पत्र आलं. सहा महिन्यांची मुदतवाढ मंजूर. तृप्तीनं स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सरांनी दोन घेतले आणि पट्ट्यानं त्यांना झोपलेलं दाखवलं. पेढा खाता खाता मी पत्र वाचलं. नाव बरोबर होतं, नोंदणी क्रमांक बरोबर होता. खाली छापलं होतं: विलंबाचं कारण, अतिवृष्टी.

त्या जानेवारीत तीर्थपुरीत पाऊस पडला नव्हता.